खांद्यावरचं दावं

ज्वारी निसवायला लागली की माझी डावी टाच दुखते. डॉक्टर म्हणतात, वजन वाढलंय. मंगल, म्हणजे आमच्या घरचं सरकार, म्हणते, सोंग आहे. मला विचाराल तर ती टाच आठवण काढते. मागच्या साली याच दिवसांत तिने मला जिंतूरपासून सोनपेठच्या अलीकडच्या, गोदावरीकाठच्या एका शेतापर्यंत पायी नेलं. तेव्हापासून ती स्वतःला कुणीतरी मोठी समजते. एसटीच्या पायरीवर ठेवली तरी रुसते.

काल सकाळी गच्चीवर गेलो. तोंडातून वाफ निघत होती. समोरच्या रानात ज्वारीची कणसं पानांच्या पोटरीतून अर्धी बाहेर आली होती, स्नेहसंमेलनात पहिल्यांदाच विंगेतून प्रेक्षक बघणाऱ्या पोरींसारखी. करडईवर पिवळं दिसायला लागलं होतं. कापलेल्या तुरीचा कडवट, कोरडा वास खालून वर येत होता. मी मनात म्हणालो, आली. येळवस आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या जिंतूरकडे तिचं फारसं कौतुक नाही. पण खाली गंगाखेड-सोनपेठच्या अंगाला त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याची खोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडतात, आणि आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांच्यावर अख्खा गाव तुटून पडतो. बांधावरून जाणारा माणूस ओळखीचा असो-नसो, त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. भज्जी म्हणजे तेलात तळतात ती नव्हे हो. सगळ्या हिरव्या शेंगा आणि पालेभाज्या एका पातेल्यात भांडण मिटवून शिजल्या, की त्याला तिकडे भज्जी म्हणतात.

हे सगळं मला गंगाधरने दाखवलं.

गंगाधर आणि मी एका शाळेतले मास्तर. तो भूगोल शिकवायचा आणि मी मराठी, म्हणजे तो मुलांना जग दाखवायचा आणि मी त्या जगाबद्दल थापा मारायचो. नोकरीच्या सुरुवातीला एका खोलीत राहिलो, पुढे एका भिंतीच्या दोन बाजूंना संसार थाटले. दर येळवसीला तो मला एसटीत घालून आपल्या गावी न्यायचा. तिथे जेवणं झाली, माणसं खोपीच्या सावलीला कलंडली, की माझा प्रयोग सुरू व्हायचा. मी किस्सा सांगायला लागायचो, आणि ऐन रंगात आला की गंगाधर एक बोट वर करायचा.

"हितपर्यंत खरं," तो म्हणायचा. "आता हितून पुढं थापा."

लोक हसायचे आणि माझा किस्सा तिथून खरा उडायचा. त्याला वाटायचं, तो मला अडवतो. प्रत्यक्षात ते बोट म्हणजे माझी तिसरी घंटा होती. ते वर गेल्याशिवाय माझा पडदाच उघडत नसे. दर वेळी ते अगदी अचूक जागी वर जायचं. मलाही कळायच्या आधी त्याला कळायचं, की आता हा रस्ता सोडणार.

मागच्या साली, श्रावण संपता संपता, गंगाधर वर्गात नकाशा टांगता टांगता खाली बसला आणि उठला नाही.

आता मी जे सांगतोय ते तुम्हाला विचित्र वाटेल, पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मित्राचं सुतक नसतं. भावाला असतं, भाऊबंदांना असतं, पुण्यात राहणाऱ्या, कधी तोंडही न बघितलेल्या चुलत्यालाही असतं. मित्राला काहीच नसतं. तो दुसऱ्या दिवशी दाढी करून शाळेत जाऊ शकतो. त्याच्या गावी भेटायला गेलो तर बैठकीत घरचे लोक भिंतीला टेकून बसलेले, येणारा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून पुढे सरकणारा. मी दारात, चपलांजवळ उभा. एका पाहुण्याने मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोण?"

"सोबतचे," मी म्हणालो.

"बरं. जरा चहा झाला का बघता का आत?"

मी चहा झाला का बघितलं. झाला होता.

शाळेत दोन मिनिटं उभे राहिलो. मग त्याचे तास वाटून घेतले. सातवीचा भूगोल माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, सर, गोदावरी कुठून कुठे जाते. मी नकाशावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं.

त्यानंतर माझं बोलणं गेलं. म्हणजे मुकं झालो नाही, मंगल म्हणते तेवढं सुख तिच्या नशिबी कुठलं. पण किस्सा म्हणून जी चीज असते ती गेली. स्टाफरूममध्ये सुरुवात करायचो, लोक पुढे सरकून बसायचे, आणि एका ठिकाणी येऊन मी थांबायचो. समोर बोट वर जायचं नाही. कुठवर खरं आणि कुठून उडायचं, काही कळायचं नाही. "मग?" लोक विचारायचे. "मग काही नाही," मी म्हणायचो आणि वह्या तपासायला घ्यायचो. माणसं समजूतदार. त्यांनी हळूहळू "मग?" विचारायचं सोडलं.

अशात येळवस आली. मंगल म्हणाली, "जाऊन या. मोटारसायकल घ्या."

"चालत जातो."

"कुठपर्यंत? स्टँडपर्यंत?"

"सोनपेठपर्यंत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेच्या नाटकात माझी मिशी निसटल्यावर पाहिलं होतं. मग आत गेली आणि दशम्या बांधायला लागली. आमच्या घरात परवानगी अशी मिळते.

आता एक सांगतो, परभणी जिल्ह्यात माणसाला उगीच चालता येत नाही. आमच्याकडे चालण्याला कारण लागतं. बोरीच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच मागून मोटारसायकल आली. "सर, बसा की." नको म्हटलं. तो थांबलाच. "अहो, रिकामीच हाय गाडी." नको म्हटलं. "नवस हाय का?" नाही. "शुगर?" नाही. त्याने गाडी बंद केली, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "घरी भांडण झालं का, सर?"

असे कितीतरी आले. मोटारसायकल, टमटम, कापसाचा टेम्पो, एकदा तर रिकामी सजवलेली नवरदेवाची गाडी. आमच्याकडे गाडीवर बसायला नाही म्हणणं म्हणजे घरी आलेल्याने पाणी नाकारण्यासारखं आहे. प्रत्येकाचं तोंड उतरायचं. आणि एवढी माणसं थांबत असूनही त्या रस्त्यावर माझ्याइतकं एकटं कुणी नव्हतं. कारण सगळे एकच विचारत होते, का चालायलाव. त्याचं उत्तर मला माहीत असतं, तर मी चाललो असतो कशाला?

मग बोरीच्या बाजारात माझ्या पिशवीचा पट्टा तुटला.

दोरखंडं विकणारा एक बाबा बसला होता. त्याच्याकडून एक दावं घेतलं, जनावर बांधायचं असतं ते. अर्ध्या दाव्यात पिशवी पाठीला आवळली. उरलेलं कापायला जीव होईना, एवढं चांगलं वळलेलं. त्याचं वेटोळं करून खांद्यावर टाकलं आणि डांबरी रस्ता सोडून शेतातल्या वाटेला लागलो.

आणि मंडळी, देखावा बदलला.

पुढच्याच वळणावर एक माणूस बैलगाडीतून उतरून माझी वाट बघत उभा. त्याने नवस विचारला नाही, शुगर विचारली नाही. माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि चेहरा एकदम मऊ करून म्हणाला, "काय हरवलं, मामा?"

मामा कोण म्हणून मी मागे वळून पाहिलं.

"बैल का म्हैस?" त्याने मदत केली.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. खांद्यावर रिकामं दावं घेऊन आडवाटेने जाणारा माणूस म्हणजे जनावर हरवलेला माणूस. आमच्याकडे याला दुसरा अर्थच नाही. मी तोंड उघडलं ते 'तसं काही नाही' म्हणायला, पण आतून शब्द निघाला, "म्हैस."

"कधी गेली?"

"पावसाळ्यात."

"अरारा," तो म्हणाला, आणि खरंच हळहळला. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. पावसाळ्यानंतर एवढ्या दिवसांत मला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं, काय हरवलं म्हणून. पाटाच्या कडेला बाभळीखाली बसलो आणि उगीच बराच वेळ चप्पल झटकत राहिलो.

त्यानंतर कुणी मला गाडीवर बस म्हटलं नाही. जनावर शोधणाऱ्याने चालायचंच असतं, हे सगळ्यांना ठाऊक. उलट लोक वाट सांगायचे. या बांधाने जा, तिकडं चारा हाय, म्हशी तिकडं ओढ घेतात. रात्रीला मारुतीचं देऊळ उघडून द्यायचे, गोधडी द्यायचे. आणि विचारायचे, कशी होती. मी आधी चाचरलो, मग हळूहळू सांगायला लागलो. सावळी. आडव्या हाडाची. एक शिंग जरा खाली. स्वभावाने गरीब, पण मधेच मान वर करून अडवायची सवय.

"लय जीव होता म्हणा की तुमचा," दुधना नदी ओलांडल्यावर एक म्हातारी म्हणाली. ती सुनेबरोबर खळ्यावर तुरी बडवत बसली होती. मला गुळाचा चहा दिला होता.

"होता, आजी."

"पावसाळ्यात गेलेलं जनावर आता मिळतंय व्हय?" तिने सरळ विचारलं.

सून म्हणाली, "आत्याबाई, असं म्हणू नये हो."

"म्हणू नये कशाला? आमची कपिली गाय पुरात गेली, समद्यांनी डोळ्यानं बघितली जाताना. तरी मी दावं घिऊन लय हिंडले." मग माझ्याकडे वळून, "तुमीबी हिंडा. हिंडल्याबिगर जीव बसत न्हाई. पण चहा पिऊन जावा, कप रिकामा करा आधी. मास्तर दिसायलाव, मास्तरं अर्धा कप ठिवून उठतेत."

मी कप चाटून पुसून खाली ठेवला.

चालताना एक गंमत होते. आधी डोक्यात नुसता बाजार भरलेला असतो. मग बाजार उठतो, नुसती रिकामी जागा राहते, आणि त्या जागेत आपल्याच पायांचा आवाज येतो. काळ्या रानातल्या वाटेवर सकाळच्या दवाने माती चपलेला चिकटते आणि दुपारी तीच ढेकूळ होऊन टोचते. हरभऱ्याची आंब पोटऱ्यांना लागून खाज सुटते. कॅनॉलच्या पाण्यावर एक बगळा तुमच्या पुढे पुढे उडत जाऊन थांबतो, जवळ गेलात की पुन्हा उडतो. आम्ही दोघं असतो तर या बगळ्यावर गंगाधरने भूगोल सांगितला असता आणि मी इतिहास रचला असता. एकट्याला तो नुसता बगळा दिसतो. पण दिसतो मात्र खरा. इतक्या वर्षांत मी बगळा नीट पाहिलाच नव्हता, कारण मी सारखा बोलत होतो.

परभणीत मात्र दाव्याकडे कुणी पाहिलं नाही. शहर ते. स्टँडवर आम्ही दर साली गाडी बदलायचो, तिथल्या कोपऱ्यात उभ्याने भजी खायचो. त्या कोपऱ्यात मी जरा वेळ उभा राहिलो. गंगाखेडची गाडी लागली, कंडक्टरने हाका मारल्या, गाडी भरली, गेली. मी चालत बाहेर पडलो.

एव्हाना माझा फोन नंबर माझ्या पुढे चालायला लागला होता. वाटेत ज्याला त्याला दिला होता ना. फोन यायला लागले. पूर्णेहून कुणीतरी बोलला, "मामा, रेल्वे रुळाच्या पलीकडं एक म्हैस हिंडायलीय, फोटो टाकू का?" फोटो यायला लागले. उभ्या म्हशी, बसलेल्या म्हशी, एक तर पाण्यात नुसतं नाक वर काढलेली. मंगलचा फोन आला. तिच्याकडेही एक फोटो पोचला होता.

"अहो, मला हे म्हशीचं काय ऐकू यायलंय?"

"आल्यावर सांगतो."

मग म्हणाली, "सापडली तर आणू नका. जागा नाही आपल्याकडं."

पोखर्णीच्या पुढे एका मळ्यात मात्र मला खरोखरच बोलावून घेतलं. मळेकऱ्याने एक भटकी म्हैस आठवड्यापासून बांधून ठेवली होती. सावळी. आडव्या हाडाची. आणि विश्वास ठेवा, एक शिंग जरा खाली. शेजारपाजारचे चार लोक जमलेले.

"तुमचीच दिसायली, मामा," मळेकरी खूष होऊन म्हणाला. "पण आमच्याकडं रीत हाय. मालकानं लांब उभं राहून हाक मारायची. मान वळवली, कान हलवला, तर तुमची. तुमचा शब्द न्हाई चालत, जनावराचा चालतो."

मला दूर बांधावर उभं केलं. मधे करडईचं शेत, पलीकडे गोठा, गोठ्यात पाठमोरी म्हैस, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत. आयुष्यात एवढा मोठा रंगमंच मला मिळाला नव्हता. हाक काय मारू? माझ्याजवळ एकच नाव होतं. श्रावणापासून ते मी तोंडाने उच्चारलं नव्हतं.

"गंग्या," मी म्हणालो.

"मोठ्यानं!" मळेकरी ओरडला. "लाजायलाव कशाला? आपल्या जनावराला हाक मारायला कसली लाज!"

"गंग्या!"

"अजून!"

"गंग्याऽऽ! ए गंग्याऽऽ!"

किती वेळ ओरडत होतो कोण जाणे. आवाज रानातून गेला, लिंबावरचे पक्षी उठले, कुठेतरी इंजिन चालू होतं ते बंद झालं. माझा घसा फाटला. गळ्यातलं पाणी डोळ्यांत आलं. घरातला माणूस गेल्यावर माणसं अंगणात हंबरडा फोडतात, तेवढी मुभा मला कुणी दिली नव्हती. ती एका मळेकऱ्याने म्हशीच्या निमित्ताने दिली.

म्हशीने मान वळवली नाही. रवंथ करत राहिली.

मळेकरी शेत तुडवत माझ्याकडे आला, खांद्यावर, दाव्यावरच, हात ठेवून म्हणाला, "न्हाई हो, मामा. ही तुमची न्हाई." मग थोडं थांबून, "म्हशीचं नाव गंग्या?"

"लाडाने," मी म्हणालो.

त्याच्या मळ्यात जेवलो.

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पुलावरून जाताना खाली पाहिलं. पाणी आटून एका कडेला सरकलं होतं, वाळू उघडी पडली होती, एक नाव पालथी घातलेली. सातवीच्या त्या मुलीला मी आता सांगू शकलो असतो, गोदावरी कुठून कुठे जाते. इथून जाते. या पुलाखालून. मी पाहिलीय.

येळवसीच्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा गंगाधरच्या शेतात पोचलो. खोप उभी होती. त्याच्या माघारी सुमनवहिनी जिंतूर सोडून गावी, दिराच्या घरी राहायला आल्या होत्या. त्या चुलीपाशी होत्या. मला बघून उठल्या.

"मला वाटलं, यंदा सण नसेल," मी म्हणालो.

"आपल्याला न्हाई, भावजी. रानाला हाय," त्या म्हणाल्या. मग माझे पाय पाहिले, खांदा पाहिला. "आन् हे दावं कशाला?"

घरची माणसं जमली. शेजारच्या रानातलेही आले. त्यातल्या एकाने मला ओळखलंच. "अहो, म्हशीवाले मामा ते हेच!" त्याच्याही फोनवर फोटो आला होता. आंबील फिरली, भज्जी फिरली. मग सगळे कलंडले. कुणीतरी म्हणालं, "सर, सांगा की."

मी सांगायला लागलो. मोटारसायकल, नवरदेवाची गाडी, बोरीचा बाजार, आजीचा कप. लोक हसत होते. मळ्यापर्यंत आलो. बांधावर उभा राहिलो. हाक मारली. इथे म्हशीने मान वळवली नव्हती, आणि इथेच मी थांबलो. खोपीची सावली, कडब्याची सळसळ, सगळे माझ्याकडे बघणारे. एक जागा रिकामी. 'मग काही नाही' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

सुमनवहिनी पाठमोऱ्या, पातेलं झाकत होत्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या बैठकीत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. न वळता म्हणाल्या,

"बरं. हितपर्यंत खरं."

भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून, त्यांनी सगळं ऐकलं होतं. सगळे किस्से. सगळ्या जागा.

मग काय विचारता! म्हैस वळली. म्हैस बोलली. म्हैस म्हणाली, "सर, एवढा गळा काढायलाव, पण भूगोलाचा पोर्शन झाला का?" माणसं गडबडा लोळली. गंगाधरचे थोरले भाऊ डोळे पुसत होते, हसून की कशाने, ते मी बघितलं नाही. वहिनींचा पदर तोंडाला होता. मी मात्र बोलत होतो, बोलत होतो, आणि मधूनच त्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो. ती रिकामीच होती. किस्सा परत आला, बोट आलं नाही. एवढं समजायला मला एवढं चालावं लागलं.

संध्याकाळी निघताना घरच्यांनी पिशवीला नवा पट्टा लावून दिला होता. मी दावं उचललं.

"ते ठिवून जावा," वहिनी म्हणाल्या. "म्हैस आली तर बांधायला लागंल."

मी खोपीतल्या मेढीला, म्हणजे आधाराच्या खांबाला, ते अडकवलं आणि परत येताना एसटीने आलो.

अजूनही मधूनच एखाद्या अनोळखी नंबरवरून म्हशीचा फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, मामा, ही बघा. मी प्रत्येकाला उत्तर देतो, ही नाही, पण तुमची आठवण राहील. काल गच्चीवरून खाली उतरलो तर फोन वाजत होता. वाटलं, फोटोच असेल. सुमनवहिनी होत्या.

"भावजी, येळवस आली. दावं हाय तसंच हाय. म्हैस काय आली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी या."